गणपतआबांवर बोलायचंय, एसटीच्या पलीकडचं काय सांगू?

आटपाडीकर_मास्तर
30 जुलैला सांगोल्याचे आमदार राहिलेले गणपतराव देशमुख, म्हणजेच आबा, यांचा स्मृतिदिन. आमच्या हायस्कूलमध्ये नववी-दहावीच्या मुलांपुढे मला बोलायचंय. आबा 2021 साली गेले, त्यामुळे या मुलांनी त्यांना बघितलेलंच नाही. दरवर्षी भाषणं ठरलेली असतात : अकरा वेळा आमदार, एसटीचा प्रवास, साधी राहणी. हे सगळं खरंच आहे, पण एवढं ऐकून आमदाराचं काम काय असतं ते मुलांना कळत नाही. सांगोल्याकडच्या मंडळींनी सांगावं, नेमकं काय मांडू?

माणकाठचा
सर, तुम्ही आटपाडीचे, मग पाण्यापासूनच सुरुवात करा की. 1993 पासून तुमच्याच गावात पाणी परिषद भरत आली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबा. कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांना त्यांच्या हक्काचं पाणी द्या, ही मागणी. माझे वडील भाकरी बांधून परिषदेला जायचे. परत आले की टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी कुठून उचलणार, कुठल्या टप्प्याला कुठं पडणार, हे अंगणात काडीनं रेघा ओढून आम्हाला दाखवायचे. शाळा न शिकलेल्या माणसाला योजनेचा नकाशा पाठ होता! ही आबांची कमाई, असं मी मानतो. ते नुसतं आश्वासन देऊन जात नसत, प्रश्न समजावून सांगत.

मुलांना दुसरं सांगा, की हा माणूस जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधी बाकावर होता. पक्ष शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, निशाणी खटारा. मंत्रिपद मिळालं ते 1978 ला आणि 1999 ला, तेही थोडाच काळ. मग सत्ता नसताना कामं कशी झाली? तारांकित प्रश्न (मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), अर्ध्या तासाची चर्चा, अर्थसंकल्पावरचं भाषण. ही आमदाराची खरी अवजारं, आणि आबा वकील असल्यामुळे ती त्यांना नीट चालवता येत. 1972 चा दुष्काळ, त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना (रोहयो), तिचा 1977 चा कायदा, हे त्यांच्या जिव्हाळ्याचे विषय. रोहयोच्या कामावर खडी फोडलेली माणसं आमच्या वाडीत अजून आहेत. एखाद्या आजीलाच कार्यक्रमाला बोलवा, तुमच्या-माझ्यापेक्षा ती चांगलं सांगेल.

आणि पराभव वगळू नका. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले, 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला पुन्हा पडले, 1999 ला पुन्हा आले. मधल्या काळात ना पक्ष बदलला ना तालुका. आजच्या मुलांना हे ऐकून नवल वाटेल, वाटू द्या.

सूतकताई
सूतगिरणी राहिली. आमच्या तालुक्यात कापसाचं पीक नाही, तरी तिथं सहकारी सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली. माझी आई तिथं कामाला होती. पगार वेळेवर यायचा, त्यावरच आम्हा बहिणींची शिक्षणं झाली. माझ्यासाठी आबा म्हणजे एवढंच, आणि हे फार आहे.

माणकाठचा
ताई, बरोबर. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

खिलारप्रेमी
माझं थोडं वेगळं मत आहे. एसटी वगळू नका, सर. तिचं नुसतं कौतुक होतं, म्हणून तुम्हाला कंटाळा आलाय, एवढंच. आमदार शेजारच्या सीटवर बसलेला असेल तर मेंढपाळसुद्धा रेशनकार्डाचं गाऱ्हाणं सांगतो. त्याला ना चिठ्ठी लागते, ना मधला माणूस. साधेपणा हा त्यांच्या कामाचाच भाग होता. तुम्ही पाणी परिषद सांगा, पण लोकांचं म्हणणं त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं तेही सांगा.

आटपाडीकर_मास्तर
सगळ्यांचे आभार. एसटी राहील, पण माणकाठकर म्हणतात तशी सुरुवात पाण्यानं करतो. फळ्यावर टेंभूचा नकाशा काढून कराडजवळून सांगोल्यापर्यंत पाणी कसं येतं ते मुलांकडूनच भरून घेईन. रोहयोवर काम केलेल्या एक आजी शाळेजवळच राहतात, उद्या त्यांना विचारून येतो. विधानसभेच्या कार्यवृत्तातलं (तिथल्या भाषणांच्या छापील नोंदीतलं) आबांचं दुष्काळावरचं एखादं भाषण कोणाकडे असेल तर कळवा, दहावीतल्या मुलीकडून त्यातला उतारा वाचून घ्यायचा आहे.