पायथनमधून शेल कमांड: टाइमआउट पायथनचा की लिनक्सचा?

खटपट्या: पायथनमधून बाहेरची कमांड चालवणाऱ्या सबप्रोसेस रनला शेल=ट्रू (म्हणजे कमांड शेलमार्फत, कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममार्फत, चालव) आणि टाइमआउट=६० (सेकंद) दिलं की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा सर्व्हरवर पीएस (चालू प्रोसेसची यादी) मारून बघा. साठ सेकंदांनी टाइमआउट-एक्स्पायर्ड ही एरर येते खरी, पण पायथन मारतं फक्त शेलला, त्या शेलने पाइप लावून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला जोडून) सुरू केलेलं एफएफएमपेग (व्हिडिओ बदलणारा प्रोग्राम) मागे सीपीयू खात बसलेलंच असतं, पॅरेंट आयडी (पालक प्रोसेसचा नंबर) तेवढा बहुतेक १ झालेला, म्हणजे अनाथ. त्यापेक्षा कमांडच्या पुढे लिनक्सचं टाइमआउट लावा, ते अख्ख्या प्रोसेस ग्रुपला (कमांड आणि तिने सुरू केलेली पोरं) थांबायचा सिग्नल पाठवतं, विषय संपला.

निवांत: विषय कुठला संपतोय! नुसतं पुढे लावलंत तर पाइपच्या डावीकडचीच कमांड त्यात येते, उजवीकडची मोकाट. आणि मुळात शेल=ट्रू हवंय कशाला? कमांड लिस्ट म्हणून द्या, मधे शेलच नसेल तर किल थेट त्या प्रोग्रामलाच बसतो. शिवाय फाइलचं नाव युजरकडून येत असेल आणि त्यात कोणी सेमीकोलन घालून ठेवलं तर शेल पुढचं वेगळी कमांड म्हणून चालवेल, टाइमआउट राहिला बाजूला, भलतंच निस्तरत बसाल.

खटपट्या: पाइप असेल तर अख्खी ओळ एसएच -सी मधे गुंडाळायची (म्हणजे ती एकाच शेलखाली चालते), हे काय सांगायला हवं का. आणि लिस्ट दिली तरी तो प्रोग्राम स्वतः पोरं काढतोच की, मेक (कंपायलर चालवून प्रोग्राम बांधणारं टूल) घ्या, त्याला मारलं म्हणून खालचे कंपायलर मरतीलच असं नाही.

बायटू: +१, पण इलाज पायथनमधेच आहे. पोपेनला (सबप्रोसेसमधलंच, रनच्या खालचं) स्टार्ट-न्यू-सेशन=ट्रू द्या म्हणजे कमांडचा वेगळा ग्रुप होतो, तिची वाट बघणाऱ्या कम्युनिकेटला टाइमआउट द्या (ते स्वतःहून कोणालाही मारत नाही, हे बरेच जण विसरतात), मग ओएस.किलपीजीने (अख्ख्या ग्रुपला सिग्नल) आधी सिगटर्म (आवरून थांब), थोडं थांबून सिगकिल (जागीच ठार). रन तर लिनक्सवर थेट सिगकिलच घालतं, बिचाऱ्या प्रोग्रामला लॉक फाइल पुसायलाही वेळ मिळत नाही.

खटपट्या: हे सगळं 'टाइमआउट -के १० ६०' (६० सेकंदांनी सिगटर्म, आणखी १० नी सिगकिल) एवढ्यात होतं की राव, तुमच्या दहा ओळी दर स्क्रिप्टमधे कोण लिहिणार?

बायटू: एकदा फंक्शन लिहा, इम्पोर्ट करा. तुमच्या टाइमआउटचा वेळ संपल्याचा एक्झिट कोड १२४ आला तर वेळ संपली की कमांडनेच १२४ दिलं, कसं ओळखणार?

निवांत: आणि विंडोजवर टाइमआउट नावाची कमांड आहे, पण ती नुसती सेकंद मोजत बसते, बरं का :)

खटपट्या: विंडोजवर किलपीजी तरी कुठे आहे!