अनुभव धागा: वाटी रिकामी होते, पण पोटात काय जातं?

बाळाला सहा महिने झाले की अंगावरच्या दुधाच्या जोडीला वरचं अन्न, हे सगळ्यांना पाठ असतं. तारांबळ उडते ती आठव्या-नवव्या महिन्यात. तुमचं काय झालं? फसलेले प्रयोग आधी लिहा.

• माझ्यापासूनच सुरू करा. लेकीला सगळं गाळून, पातळ करून द्यायचे. वाटी चाटूनपुसून संपायची, मी खूश. वजन मात्र दोन महिने जागचं हललं नाही. डॉक्टरांनी घरून आणलेल्या डब्यात चमचा बुडवून तिरका धरला. धारच लागली! म्हणाले, आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण 240 मिली मावतं, ती जागा तुम्ही पाण्याने भरताय. नऊ ते अकरा महिन्यांत अंगावरच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून दिवसाला जवळपास 300 कॅलरी लागतात. आता चमच्यावर ठरेल इतकं घट्ट कुस्करते, वर थोडं तेल. वाटी अर्धीच संपते आणि मला अजूनही चुकचुकतं, पण काटा सरकलाय.

• बाबा लिहितोय. आमचा गडी दूध भरपूर प्यायचा, तरी हिमोग्लोबिन 9.2. बायकोला वाटलं, दुधातच काही कमी. तसं नसतं हो. आईच्या दुधात लोह मुळातच थोडं, जन्मताना मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या आसपास ओसरतो. आम्ही फळं आणि भात यांवरच अडकलो होतो. मग अंडं, डाळ, खिमा आणि सोबत टोमॅटो किंवा संत्रं, म्हणजे लोह अंगी लागतं. लोहाचे थेंबही सुरू केले. तिसऱ्या दिवशी शी काळी झाली आणि रात्री अकराला डॉक्टरांना फोन! औषधाने होतंच तसं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर…

• दहा महिन्यांपर्यंत सगळं मिक्सरमधून. आता कण लागला तरी ओकारी. उशीर करू नका एवढंच.

• मी आजी. सूनबाई म्हणते अन्नाच्या आठ गटांतले निदान पाच रोज हवेत, आईचं दूध त्यातलाच एक. मी बोटांवर मोजते, कधी चारच भरतात. पालक सहा वेळा थुंकला, सातव्यांदा गिळला.

• आजी, आमच्याकडे बारावी वेळ चालू आहे.