वडिलांच्या घडीच्या चाकूवरचा गंज कसा काढू?

मदत हवी आहे. संग्रहात ओपिनेल हा फ्रेंच घडीचा चाकूही आहे (पातं अडकवणारी फिरती कडी त्यात १९५५ पासून आली), पण रोज खिशात असतो तो वडिलांचा चाकू. शिंगाची मूठ, कार्बन स्टीलचं पातं, मिटताना ‘टक्’ असा खणखणीत आवाज!

फळं कापून पात्यावर निळसर-राखाडी झाक चढली आहे. मला ती फार प्रिय आहे, शिवाय तीच गंजाला थोडीफार आवर घालते. पण परवा चाकू भिजला आणि नख अडकवायच्या खाचेजवळ तांबडे ठिपके आले. सँडपेपर लावला तर झाकही जाईल. बारीक स्टील वूल आणि तेलानं हलक्या हातानं घासलं तर चालेल का?

बिजागरीत तेल कुठलं घालता? स्वयंपाकाचं तेल पुढे चिकट होतं, पातं उघडताना नख दुखतं. फळं यानंच कापतो, त्यामुळे पोटात गेलं तरी चालेल असंच सुचवा.