मदत हवी आहे: संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधींपैकी कोणत्या निधीला देणगी द्यावी?

नमस्कार. दरवेळी भूकंपाची बातमी पाहून घाईत पैसे पाठवण्यापेक्षा यंदापासून एकत्रित निधीला नियमित देणगी द्यायचं ठरवलंय. संयुक्त राष्ट्रांचा केंद्रीय आपत्कालीन निधी, म्हणजे ‘सर्फ’, २००६ पासून चालू आहे. पैसा आधीच जमा असल्याने संकट येताच देता येतो. शिवाय बातम्यांतून गायब झालेल्या, पुरेसा पैसा न मिळालेल्या संकटांसाठी त्यात वेगळा वाटा असतो. मला हेच फार पटलं. पण ‘सर्फ’चा पैसा थेट संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनाच मिळतो. संयुक्त राष्ट्रांच्याच देशनिहाय निधीतून, म्हणजे एकेका देशासाठी वेगळ्या ठेवलेल्या निधीतून, मात्र स्थानिक संस्थांनाही थेट पैसा मिळतो, आणि सर्वांत आधी धावतात ती तिथलीच माणसं. तरी एकच देश निवडायला मन धजत नाही.

कुणी यांत देणगी दिली आहे का? काय निवडलंत, आणि पैसे कुठे गेले हे कसं तपासता?