'टॉक्सिन'ला मराठीत काय म्हणायचं?

सदाफुली
एका निसर्गोपचार केंद्राचं माहितीपत्रक मराठीत करून देतेय. सोळा पानं आहेत, पंधरा झाली. गाडी एका वाक्यापाशी अडलीय. मजकूर असा : चुकीच्या आहारामुळे शरीरात टॉक्सिन साठतात, त्यातून क्रॉनिक आजार होतात आणि रसाहाराने ते फ्लश होतात. मी आधी 'विषं साठतात' असं लिहिलं. केंद्राच्या बाईंनी लाल पेनाने काट मारून समासात लिहिलं, 'पेशंट घाबरतील'. मग 'विषारी द्रव्ये' केलं, तर म्हणाल्या, कारखान्याच्या सांडपाण्याची बातमी वाटते. 'टॉक्सिन' तसंच ठेवू का? आणि 'फ्लश'चं काय करू? माझ्या डोळ्यांपुढे संडासाची साखळीच येते.

आजोळ
एवढी शोधाशोध कशाला? शब्द घरातच आहे : आम. अग्नी मंद झाला की खाल्लेलं नीट पचत नाही, तो कच्चा राहिलेला अन्नरस म्हणजे आम. तो सांध्यांत जाऊन बसला की आमवात. माझे मामा वैद्य होते, पेशंटची जीभ बघून 'साम आहे', म्हणजे अंगात आम आहे, एवढंच म्हणायचे आणि दोन दिवस लंघन सांगायचे. मुळात आम म्हणजे कच्चा. आंबा, आंबट, आंबवणे ही सगळी त्याचीच पिलावळ.

काळा वाटाणा
आमापर्यंत ठीक होतं, आंब्याला कशाला ओढलंत? आंबा आम्रापासून, आंबट अम्लापासून. आमापासून मराठीत खरोखर उतरलेला शब्द म्हणजे 'आव', पोटात मुरडा येऊन पडते ती. तो पत्रकात घातलात तर बाई तिसऱ्यांदा काट मारतील.

आजोळ
कच्ची कैरी आंबट असते. लोकांनी दोन्ही शब्द एकाच तोंडाने चाखलेत. तुमचे धातू तुमच्यापाशी.

पॅथॉलॉजीवाला
भाषांतराआधी एक विचारतो : कोणतं टॉक्सिन? नाव काय त्याचं?
आमच्याकडे टॉक्सिनला नाव असतं. धनुर्वाताच्या जंतूचं वेगळं, घटसर्पाच्या जंतूचं वेगळं. गंजका खिळा लागल्यावर तुम्ही सगळ्यांनी टी. टी.चं इंजेक्शन घेतलेलं आहे, त्यातला दुसरा 'टी' टॉक्सॉइडचा. म्हणजे तेच टॉक्सिन, फॉर्मॅलिनने दात पाडलेलं. शब्द मूळ ग्रीक, धनुष्याच्या नावावरून आलेला. बाणाला लावायचं विष ते. १९व्या शतकाच्या अखेरीस लुडविग ब्रीगर या जर्मन संशोधकाने तो जंतूंच्या विषासाठी रूढ केला. विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत 'जंतुविष' भेटतो आणि तो चांगला शब्द आहे. पण ताईंच्या पत्रकातलं टॉक्सिन म्हणजे यातलं काहीच नाही. ते नक्की काय आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर भाषांतर करणारा काय करणार?

वर्धेकर
नक्की काय ते ठाऊक नाही असं कसं म्हणता? निसर्गोपचारवाल्यांकडे त्याला शंभर वर्षांचा जुना शब्द आहे : विजातीय द्रव्य. लाइपझिगच्या लुई कूने यांचा सिद्धांत होता की रोग एकच, शरीराबाहेरचं परकं द्रव्य आत साठणं. त्यांचा जर्मन शब्दही 'परकं द्रव्य' असाच. हिंदी पुस्तकांनी त्याचं विजातीय द्रव्य केलं आणि ते आपल्याकडे जसंच्या तसं आलं. कटिस्नान, मातीची पट्टी, बाष्पस्नान ही सगळी त्याच गाडीतून उतरलेली मंडळी. गांधीजींनी कूने आणि आडोल्फ जुस्ट दोघंही वाचले होते आणि स्वतःवर करून पाहिलं होतं. १९४६च्या मार्चमध्ये ते उरुळीकांचनला राहिले, तिथला आश्रम तेव्हाचा. आमच्या घरात आजोबा 'विजातीय' हा शब्द दिवसातून दहा वेळा म्हणायचे. मला बरीच वर्षं वाटायचं, आंतरजातीय लग्नाबद्दल बोलतायत.

भोपळे चौक
हा हा! पत्रकात 'विजातीय द्रव्य बाहेर काढा' लिहिलंत तर मोर्चा येईल.

आजोळ
पॅथॉलॉजीवाले, नाव नाही म्हणून वस्तू नाही असं होत नाही. सुश्रुताच्या कल्पस्थानात दूषीविष आहे. जुनं झालेलं, औषधाने अर्धं मारलेलं किंवा ऊनवाऱ्याने सुकलेलं विष. जीव घेण्याइतकं जोरदार नसतं, पण वर्षानुवर्षं अंगात राहून त्रास देतं. शिवाय 'गर' आहे, निरनिराळ्या वस्तूंच्या मिश्रणातून बनलेलं. आपण 'गरळ ओकणे' म्हणतो त्यातलं गरळ त्याच घराण्यातलं. सदाफुलीताई, 'दूषीविष' लिहा.

सदाफुली
आजोळकाका, मी 'विष' लिहिलं तर काट पडली. 'दूषीविष' लिहिलं तर पैसेच देणार नाहीत हो.

काळा वाटाणा
शिवाय आम, दूषीविष, विजातीय द्रव्य हे एकाच डब्यातले लाडू नव्हेत. आम तुमच्याच पोटात तयार होतो, दूषीविष बाहेरून आलेलं, विजातीय द्रव्यामागे एक अख्खा जर्मन सिद्धांत. यातला एक निवडलात की त्याच्या बापाचं नावही लावलंत. इंग्रजी पत्रकातल्या शब्दाला बापच नाही, म्हणून तो कुठेही खपतो. ती सोय मराठीत करून द्यायची असेल तर 'घाण' लिहा. लोक तेच म्हणतात : पोटातली घाण गेली, रक्तातली घाण गेली.

टोरांटोकर
इथे दुकानात 'डिटॉक्स चहा'चे डबे असतात. एकदा मागची यादी वाचली तर त्यात सेना, म्हणजे आपली सोनामुखी. आईने तीन डॉलर मोजून तेच घेतलं जे आजी तिला नाक दाबून पाजायची. सकाळी जो काही डिटॉक्स व्हायचा तो झाला.

भोपळे चौक
थोडक्यात जुलाब.

सदाफुली
मग 'जुलाब'च लिहू?

वर्धेकर
नको! इथे सगळे शुद्ध मराठीच्या शोधात आहेत म्हणून सांगतो, जुलाब फारसी आहे. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. गुलाबपाणी अरबीत गेलं, 'जुल्लाब' झालं, मग साखरेचा पाक, मग त्या पाकातून द्यायचं रेचक, आणि आपल्याकडे येईपर्यंत औषधाचं नाव परिणामाला लागलं. गुलाब आणि जुलाब सख्खी भावंडं आहेत.

आजोळ
म्हणूनच 'रेच' म्हणावं. आम्ही तेच म्हणतो.

काळा वाटाणा
तुम्ही लिहिताना म्हणता. मध्यरात्री उठावं लागलं की तुम्हीही जुलाबच म्हणत असणार.

क्षारपड
मी सांगलीकडचा, शेतीवाला. वैद्यकातलं कळत नाही पण 'फ्लश'ला आमच्याकडं शब्द आहे, निचरा. उसाला पाणी देऊन देऊन रान क्षारपड झालं की वर पांढरं मीठ फुलतं, त्यात काही उगवत नाही. मग चर काढायचे, खाली भोकाचे पाईप टाकायचे, वरनं पाणी सोडायचं. मीठ विरघळून पाण्याबरोबर चरातनं बाहेर जातं. 'टॉक्सिनचा निचरा होतो' लिहा की. जखमेतल्या पुवाचासुद्धा निचराच म्हणतात.

सदाफुली
वा! निचरा घेतला. इतका वेळ 'उत्सर्जन' लिहून खोडत होते.

पॅथॉलॉजीवाला
निचरा झकास. फक्त एक जोडतो. तुमच्या रानात पाईप विकत आणून टाकावे लागतात, शरीरात ते जन्मापासून आहेत. दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला १८० लिटरच्या आसपास द्रव गाळतात, त्यातला दीडेक लिटर बाहेर टाकतात, बाकी परत आत घेतात. तो निचरा बंद पडला तर रसाने चालू होत नाही. उलट त्या पेशंटला रस महागात पडतो.
आणि रसाचाच विषय निघालाय तर : दुधीचा रस. कडू दुधीत कुकुरबिटासिन असतं. हे बघा, नाव असलेलं विष. उलट्या, रक्ताच्या उलट्या, रक्तदाब घसरणे. आपल्या देशात माणसं दगावली आहेत. उतारा नाही. आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने सांगून ठेवलंय की रस कडू लागला तर टाकून द्या, पिऊ नका. लोक मात्र औषध म्हणजे कडूच असणार म्हणून डोळे मिटून पितात.

टोरांटोकर
आजी दुधी चिरायच्या आधी टोकाची चकती कापून जिभेच्या शेंड्याला लावायची. कडू लागली की अख्खा दुधी थेट बाहेर, सासूबाईंसमोरसुद्धा. काकडीचं टोक मात्र कापून तिथेच गोल गोल घासायची, पांढरा फेस येईपर्यंत. म्हणायची, 'कडूपण काढतेय'. त्या फेसाने खरंच काही होतं का?

भोपळे चौक
फेस येतो. आणखी काही होत असेल असं वाटत नाही. पण न घासता काकडी चिरली तर मला आजही चोरी केल्यासारखं वाटतं.

सदाफुली
परत मुद्द्यावर या ना. 'क्रॉनिक'ला मी 'जुनाट' लिहिलंय. बाई म्हणतात 'जुनाट' म्हणजे फर्निचर वाटतं, 'दीर्घकालीन' लिहा.

आजोळ
दीर्घकालीन कर्ज असतं. आजार जुनाटच. पण मधुमेहासारख्याला त्याहून नेमका शब्द आहे : याप्य. चरकाने रोगांचे साध्य आणि असाध्य असे भाग केले आणि असाध्यातच एक याप्य ठेवला. बरा होत नाही, पण आहार-औषध चालू आहे तोवर दबून राहतो, सोडलं की उलटतो. सुश्रुत म्हणतो, पडू घातलेल्या घराला नीट लावलेला टेकू. 'कालयापन'मधलं यापन तेच, दिवस ढकलत नेणं.

पॅथॉलॉजीवाला
हे मात्र मानलं. 'कंट्रोलमध्ये आहे, पण गोळी बंद करायची नाही' हे एका शब्दात. रोज वीस जणांना समजावतो.

काळा वाटाणा
शब्द उत्तम. वाचणाऱ्यांतल्या किती जणांना कळेल? याप्य लिहून कंसात जुनाट लिहावं लागेल.

भोपळे चौक
ताई, पत्रकाचं एखादं पान टाका ना इथे. आमचं मन इकडेतिकडे जाणार नाही.

सदाफुली
नववं पान, आहाराचं, त्यातल्या दोन ओळी : 'मधुमेहींनी ज्वारीची भाकरी, मेथी, ताक हे पथ्य ठेवावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळ्याचे पथ्य पाळावे.'

पॅथॉलॉजीवाला
थांबा थांबा! शहाळं प्यावं की पिऊ नये?

सदाफुली
पिऊ नये, अर्थातच. पथ्य पाळावे म्हणजे वर्ज्य.

पॅथॉलॉजीवाला
मग वरच्या ओळीत भाकरी आणि ताकही वर्ज्य? त्या केंद्राला हात जोडून सांगा, ही ओळ बदला. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, निकामी मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही आणि वाढलं की हृदय बंद पडू शकतं.

आजोळ
पथ्य म्हणजे खावं तेच! पथाला सोडून नसलेलं ते पथ्य, पाणिनीचं सूत्र आहे तसं. चरकही तेच म्हणतो. हिरड्याचं एक नाव पथ्या आहे. वर्ज्य म्हणून नाही, हितकर म्हणून. खाऊ नये त्याला अपथ्य किंवा कुपथ्य. सदाफुलीताईंचं चूक आहे.

भोपळे चौक
काका, 'मला वांग्याचं पथ्य आहे' असं कोणी म्हणालं तर तुम्ही त्याला वांगं वाढता?

आजोळ
…नाही.

भोपळे चौक
मग?

काळा वाटाणा
दोन्ही अर्थ नांदतायत, एकाच घरात, न बोलता. 'त्याच्या पथ्यावर पडलं' म्हणतो तेव्हा फायद्याचं झालं, म्हणजे जुना अर्थ जिवंत. 'बोलण्याचं पथ्य पाळ' म्हणतो तेव्हा तोंड आवर, म्हणजे नवा. आजारी माणसाला सांगण्यासारखं बहुतेक 'हे खाऊ नको'च असतं, म्हणून शब्द त्या बाजूला कलला असावा.

टोरांटोकर
आमच्याकडे याचा प्रयोग झालाय. आत्याच्या सासूबाईंना वैद्यांनी चिठ्ठी दिली. वर 'पथ्य' आणि खाली ओळीने : ताक, मुगाचं वरण, ज्वारीची भाकरी, दुधी. बाई कडक शिस्तीच्या. पंधरा दिवस या चार वस्तूंना हात लावला नाही. गव्हाची पोळी, तुरीचं वरण, दही, वांगी. पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, 'वैद्यबुवा, एवढं काटेकोर पाळलं, गुण नाही.' वैद्यबुवांनी विचारलं, काय खाल्लंत? यादी ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, म्हणे.

आजोळ
यात वैद्यांची चूक नाही. शब्द बरोबर होता.

पॅथॉलॉजीवाला
शब्द बरोबर, पेशंट चुकला. हेच वाक्य आम्हीही वापरतो, काका. चिठ्ठीवर 'खा' आणि 'खाऊ नका' असे दोन रकाने करायला काय जातं?

वर्धेकर
मग उद्या 'लंघन'ही काढून टाका. आमच्याकडे लंघन म्हणजे फक्त गरम पाणी आणि शेजारच्यांकडे लंघन म्हणजे साबुदाण्याची खिचडी. एकादशी दुप्पट खाशी.

भोपळे चौक
आता लंघन कोण करतं? आता सगळे 'डाएटवर' असतात. आणि डाएट म्हणजे आहार नव्हे, आहार नसणं. पथ्यासारखंच झालं की हे!

सदाफुली
पत्रक आज दुपारी छापायला गेलं. नवव्या पानावर 'मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळे पिऊ नये' असं सरळ लिहिलं, बाई काही बोलल्या नाहीत. वर दुधीची ओळही घातली, कडू लागल्यास रस फेकून द्यावा. 'निचरा' राहिला. 'जुनाट'चं 'दीर्घकालीन' झालं. आणि टॉक्सिन टॉक्सिनच राहिलं, फक्त त्यांच्या डीटीपीवाल्याने सगळीकडे 'टॉक्झिन' केलंय.

काळा वाटाणा
टॉक्झिन? स आणि झ यात फरक आहे हो. परत पाठवा.

क्षारपड
दुधीचं कळलं. दोडक्याचं काय? परवा आमच्यात एक कडू निघाला, मंडळींनी शिरा काढून त्याची चटणी केली.