विंडोज ११ ची एकच इमेज तीन वेगळ्या मॉडेलवर कशी टाकावी?

प्रश्न
एका डेस्कटॉपवर विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर घालून डिस्क क्लोन केली आहे. त्याच मॉडेलवर क्लोन नीट चालतो. दुसऱ्या मॉडेलवर निळा स्क्रीन येतो: ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’. तिसऱ्यावर तर विंडोज पीईला (इमेज टाकण्यासाठी बूट करायचं छोटं विंडोज) डिस्कच दिसत नाही. मॉडेलगणिक वेगळी इमेज सांभाळायची नाही. उपाय काय?

उत्तर १
दोन्हींचं मूळ बहुधा एकच, स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर. इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच मशीनवर बायॉसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय) चालू असतं. एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) त्यामागे लपते आणि विंडोज पीईत तो ड्रायव्हर नसतो. तो बूट डॉट विममध्येही (विंडोज पीईची स्वतःची इमेज फाइल) घाला आणि तुमच्या विंडोज इमेजमध्येही. फक्त बूट डॉट विममध्ये घातलात तर इमेज उतरेल, पण विंडोज उठणार नाही. व्हीएमडी बंदही करता येतं, पण ते इमेज टाकण्याआधीच ठरवा. नंतर बदललंत तर पुन्हा तोच निळा स्क्रीन.

इमेज उतरली की रीस्टार्ट न करता डिस्म या इमेज हाताळणाऱ्या कमांडच्या ॲड-ड्रायव्हरला रिकर्ससकट (म्हणजे आतले फोल्डरही धरून) त्या मॉडेलच्या ड्रायव्हरचा फोल्डर द्या. फोल्डरात ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइली हव्यात, सेटअपची ईएक्सई चालत नाही. चालू मशीनवरून विंडोजच्याच पीएनपी-युटिल कमांडच्या एक्सपोर्ट-ड्रायव्हरने त्या काढता येतात.

उत्तर २
मुळात नुसता क्लोन वापरू नका. मास्टर, म्हणजे मूळ नमुना, व्हर्च्युअल मशीनवर बनवा, म्हणजे कुठल्याच मॉडेलचे ड्रायव्हर आत चिकटत नाहीत. पहिल्या सेटअप स्क्रीनवर कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये (युजर न बनवता विंडोज तयार करायची अवस्था) जा, सॉफ्टवेअर घाला, मग सिसप्रेप (इमेजसाठी विंडोज तयार करणारं विंडोजचंच टूल) जनरलाइझ (मशीनची खास ओळख पुसणं), ओओबीई (पुढच्या वेळी पहिला सेटअप दाखवणं) आणि शटडाउन हे तिन्ही पर्याय देऊन चालवा. जनरलाइझशिवाय सगळ्या मशीनचा एसआयडी (विंडोजचा ओळख क्रमांक) सारखाच राहतो. बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) आधी बंद हवा.

सिसप्रेप अडलं तर त्याच्याच फोल्डरातल्या पँथरमध्ये सेटअप-ॲक्ट लॉग बघा. बहुतेकदा स्टोअरचं एखादं ॲप एकाच युजरपुरतं बसलेलं असतं. ते काढा आणि मास्टर तयार होईपर्यंत नेट तोडून ठेवा, नाहीतर स्टोअर ॲप अपडेट करून पुन्हा तीच अडचण उभी करतं.

मशीन बंद झाल्यावर ते विंडोज परत सुरू करू नका. विंडोज पीईतून बूट करून विम (विंडोजची इमेज फाइल) कॅप्चर करा.

प्रश्नकर्ता
विम असेल तर पार्टिशन कोण बनवणार?

उत्तर १
डिस्कपार्ट या विंडोजच्या पार्टिशन कमांडची स्क्रिप्ट. डिस्क जीपीटी (पार्टिशनची नवी मांडणी), २६० एमबीचं ईएफआय (बूट फाइलींचं पार्टिशन) फॅट३२ मध्ये, १६ एमबीचं एमएसआर (विंडोजसाठी राखीव), उरलेली जागा विंडोजला. त्यामुळे डिस्कचा आकार कमीजास्त असला तरी अडत नाही. इमेज लावल्यावर बूट फाइली लिहिणारी बीसीडी-बूट कमांड यूईएफआयसाठी (नव्या पद्धतीचं बायॉस) चालवा; हे राहिलं तर बूट करायला काहीच सापडत नाही. ड्रायव्हरचे फोल्डर मॉडेलच्या नावाने ठेवलेत आणि पीईत डब्ल्यूएमआयचा (मशीनची माहिती विचारण्याची सोय) घटक जोडलात, तर मॉडेल ओळखून योग्य फोल्डर स्क्रिप्टच उचलते.