प्रति: झेन ६ साठी थांबायचं का?

दादा, एएमडीच्या झेन ६ प्रोसेसरमध्ये एका चिपलेटवर (प्रोसेसरमधल्या छोट्या चिपवर) १२ कोअर येणार म्हणून आत्ता काहीच घेऊ नका असं तुम्ही म्हणताय, ते मला अर्धंच पटतंय. १२ कोअर ही अजून अफवाच, पण खरी निघावी असं मनापासून वाटतं कारण २०१९ च्या रायझन ३९५०एक्स पासून आत्ताच्या ९९५०एक्स पर्यंत आपण डेस्कटॉपवाले दोन चिपलेटवर ८ अधिक ८ अशा १६ कोअरवरच अडकलोय, आणि डेटा एका चिपलेटवरून दुसऱ्यावर जाताना वेळ जातो तो वेगळाच. सर्व्हरवाल्यांची मजा आहे, व्हेनिस या झेन ६ च्या सर्व्हर प्रोसेसरला २५६ पर्यंत कोअर आणि २ नॅनोमीटर तंत्रज्ञान हे तर एएमडीनेच सांगितलंय.

पण एएम५ ला (एएमडीचा प्रोसेसर बोर्डवर बसतो ते सॉकेट) २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देणार म्हणतात, मग बोर्ड आत्ता घ्या ना, प्रोसेसर नंतर बदलता येईल. इंटेलच्या नोव्हा लेक प्रोसेसरच्या ५२ कोअरची चर्चा ऐकतोय, पण तो किती वॅट वीज खातो ते मला आधी बघायचंय. इथे रत्नागिरीत मे महिन्यात एसीशिवाय खोलीत बसवत नाही, पावसात लाईट सारखी जाते, यूपीएसवर पीसी नीट बंद करायला चार मिनिटं मिळाली तरी खूप. म्हणून ६५ वॅटचा रायझन ९७००एक्स प्रोसेसर घेतला, एअर कूलरवर छान चाललाय.